घोड्याचं तोंड कुणीकडं

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या पोर्ट पिरीत पोरांना चालायच्या आधी हात धुवायला शिकवतात. शिशाची भट्टी गावाच्या उशाशी, धूळ सगळ्यांच्या खिडक्यांवर, त्यामुळे हात धुणं हा आमचा अर्धा धर्म आहे. नुन्झिया कापुर्सो मात्र गुरुवारी संध्याकाळी बुद्धिबळ खेळायला यायची ती बोटांना शिंपल्यांचा वास घेऊनच. धक्क्याजवळ तिचं आमिषाचं दुकान होतं. गळाला लावायचे शिंपले, किडे, गोठवलेली बारकी मासळी. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "धुते की हात. हरलशी डाव असला की मात्र नाही धुत."

हरल म्हणजे डेस हरल, आमच्या क्लबाचा कप्तान. भट्टीत फिटर होता, आता निवृत्त. बोलिंग क्लबाची मागची खोली आम्हाला गुरुवारी मिळते. तिथं डेस सगळ्यांच्या आधी येऊन पट मांडायचा. सोंगट्या घराच्या बरोबर मध्यावर आणि घोड्यांची तोंडं सगळी डावीकडं, कवायतीला उभी केल्यासारखी. एखादा घोडा जरा तिरका दिसला की त्याचं बोट आपोआप पुढं यायचं. गप्पा मारताना, दुसऱ्याच्या टेबलापाशी उभा असताना, अगदी बीअर पिताना सुद्धा. डाव सुरू नसेल तर तो घोड्याचं नाक सरळ केल्याशिवाय पुढं जायचा नाही.

नुन्झिया यायची, काळ्या बाजूला बसायची आणि आपले दोन्ही घोडे वळवून समोरच्याच्या डोळ्यात रोखायची.

"कशाला वळवतेस?" डेस विचारायचा.

"तुझं तोंड मला बघावं लागतं ना? मग माझ्या घोड्यांनीही बघू दे. एकटीनं का सोसावं?"

हे असं चाळीस वर्षं चाललं होतं. माझी भट्टीतली नोकरी त्यामानानं कालची. मी तिथं उपकरणांचं काम बघतो, दाब, तापमान वगैरे. क्लबात आलो तेव्हा मला वाटलं की ही दोघं घटस्फोट झालेली नवराबायको असावीत. तसं काहीच नव्हतं. नुसतं वैर होतं, आणि ते एका खेळीवरून सुरू झालेलं होतं.

नुन्झियाचा बाप मासेमारी करायचा. हिवाळ्यात वारा सुटला आणि बोटी बांधून पडल्या की तो पोरीला समोर बसवायचा. पांढऱ्या सोंगट्या नेहमी त्याच्या. पोरीनं काळ्या घ्यायच्या. तो दर वेळी स्पॅनिश डाव मांडायचा. दोन्ही राजांपुढची प्यादी समोरासमोर, दोन्हीकडचा एकेक घोडा बाहेर, आणि पांढऱ्याचा उंट लांबून येऊन काळ्या घोड्यावर डोळा ठेवून बसलेला. ही तिसरी खेळी. आता काळ्यानं काय करायचं? जगातली शहाणी माणसं कडेचं प्यादं एक घर सरकवतात आणि उंटाला विचारतात, बाबा रे, बसतोस की निघतोस? बापानं तिला तेच शिकवलं. हात दुसऱ्या सोंगटीकडं गेला की फटका. बापाची बोट विकली त्या वर्षी ती पहिल्यांदा क्लबात आली. तेव्हा डेस क्लबाचा तरणाबांड विजेता होता. खोलीत एकही बाई नव्हती. कुणीतरी म्हणालं, "चहाची किटली त्या कोपऱ्यात आहे." ती म्हणाली, "मग ठेव की. मला दूध नको." आणि डेससमोर बसली.

डेसनं स्पॅनिश मांडला. नुन्झियानं कडेच्या प्याद्याकडं बघितलं, आणि ज्या घोड्यावर उंटाचा डोळा होता तोच उचलून थेट पटाच्या मध्यावर नेऊन ठेवला. ही खेळी पुस्तकात आहे, पण तळटिपेत. डेस मोठ्यानं हसला. नुसता हसला नाही, त्यानं इतरांना हाक मारली. "अरे या, बघा! बाईंचा घोडा फिरायला निघालाय!" सगळे आले, सगळ्यांनी बघितलं. ती हरली. पुढच्या गुरुवारी ती आली आणि पुन्हा तोच घोडा तिथंच नेऊन ठेवला.

त्या दिवसापासून नुन्झियानं स्पॅनिशमध्ये कडेचं प्यादं एकदाही सरकवलं नाही. मधला घोडा जुना झाला की ती दुसरं काहीतरी काढायची. एक वर्ष तिनं राजाच्या बाजूचं प्यादं दोन घरं पुढं ढकललं, म्हणजे थंडीत स्वतःच्याच राजाचं पांघरूण ओढून घेतल्यासारखं. एक वर्ष दुसरा घोडा राजाच्या पुढ्यात कोंबून आपल्याच उंटाची वाट बंद केली. मध्येच वजीर बाहेर काढला. हे बचाव चांगले होते असं मी म्हणणार नाही. मी ते घरी संगणकावर तपासलेत, आणि संगणक एरवी कुणाचा अपमान करत नाही, पण इथं करतो. ती जिंकायची तेव्हा समोरचा गोंधळलेला असायचा. गोंधळला नाही तर ती हरायची. हरण्याचीच वेळ जास्त यायची, आणि हरली की ती हात मिळवताना म्हणायची, "वास जाणार नाही हं दोन दिवस."

लोकांना ती आवडत नव्हती. तिलाही लोक आवडत नव्हते. हात लावलेली सोंगटी हलवलीच पाहिजे, हा नियम ती इतका कडक पाळायला लावायची की क्लबातले म्हातारे तिच्याशी खेळायला घाबरत. एका हात थरथरणाऱ्या माणसाचा अंगठा राजाला लागला तेव्हा तिनं त्याला राजा हलवायला लावला होता. तो बिचारा हरला. लोक म्हणाले, "जाऊ दे गं, आजारी आहे तो." ती म्हणाली, "आजारी आहे म्हणून त्याचा राजा जास्त धडधाकट आहे का?" सोंगटी नुसती सरळ करायची असेल तर आधी तोंडानं 'सारखं करतेय' म्हणायचं असतं. ती स्वतः प्रत्येक वेळी म्हणायची. घोडे वळवताना तर इतक्या मोठ्यानं म्हणायची की शेजारच्या पटावरचे दचकायचे.

आता त्या हिवाळ्याची गोष्ट.

पोर्ट ऑगस्टा आणि आमच्यात दर हिवाळ्यात सामना होतो, सहा पटांवर. जिंकणाऱ्याकडं रेल्वेचा एक जुना पितळी कंदील वर्षभर राहतो, आणि बरोबरी झाली तर तो ज्याच्याकडं आहे त्याच्याकडंच राहतो. कंदील बरीच वर्षं ऑगस्टात होता. या सामन्याची एक रीत आहे. फार पूर्वी एकदा दोन्हीकडच्यांनी इतक्या भित्र्या सुरुवाती केल्या की सगळेच डाव बरोबरीत सुटले आणि पार्किंगमध्ये मारामारी झाली. तेव्हापासून सहाही पटांवर स्पॅनिश मांडूनच ठेवतात, उंट येऊन बसलेला. काळ्याचं घड्याळ चालू करायचं आणि तिथून खेळायचं. म्हणजे आमच्याकडच्या काळ्या पटांवर सगळं काही त्या तिसऱ्या खेळीवर येऊन थांबतं.

आदल्या वर्षी नुन्झियानं पांघरूणवाली खेळी केली होती, आणि बाकीच्यांच्या डावांचा अजून घामही निघाला नव्हता तेव्हा ती हरून बाहेर सिगारेट ओढत होती. डेस ते विसरला नव्हता. सामन्याच्या आधीच्या गुरुवारी तो उभा राहिला.

"संघात खेळायचं तर काळ्यानं कडेचंच प्यादं सरकवायचं. ज्याला हे जमत नसेल त्याला संघातही जागा नाही आणि या खोलीतही नाही. समितीनं ठरवलंय."

"नाव घे की माझं," नुन्झिया म्हणाली. "लाज वाटते का?"

"नाव घेतलं तर तुला मान दिल्यासारखं होईल."

"समिती म्हणजे कोण रे? तू, तुझी टोपी आणि तुझं पोट?"

"हात वर करून ठरवलंय, नुन्झिया."

तिनं खोलीभर नजर फिरवली. सगळे पटांकडं बघत होते. मीही. खरं तर आमच्यातल्या बहुतेकांना ठराव पटला होता. आम्हाला कंदील हवा होता.

तिनं एकही शिवी दिली नाही, कोट उचलला आणि गेली. खरं सांगायचं तर त्याची आम्हाला जास्त भीती वाटली.

ऑगस्टाला जाताना ती माझ्या गाडीत होती. तिची गाडी मुलानं विकली होती, तो ॲडलेडला असतो. दुकानही त्या शरद ऋतूत बंद झालं होतं. आता लोक मोठ्या दुकानातून पाकिटबंद आमिष आणतात. रस्ताभर ती डोंगराकडं बघत होती, आणि मग एकदम म्हणाली, "आज मी कडेचं प्यादं ढकलणार आहे."

मी वळून बघितलं.

"रस्त्याकडं बघ. ऐकलंस ना? परत सांगायला लावू नकोस, तोंड विटाळतं माझं."

"डेसला बरं वाटेल," मी म्हणालो.

"डेसला खड्ड्यात घाल. दुकान गेलं. आता गुरुवार सोडला तर माझ्याशी बोलतं कोण, सांग बघू? धक्क्यावरचा पेलिकन. तोही मासा मिळेपर्यंतच." तिनं पुन्हा डोंगराकडं तोंड केलं. "ती खोली गेली तर मी भांडू कुणाशी?"

मी रस्त्याकडं बघत राहिलो.

"आणि हे कुणाला बोललास ना, इंजिनिअर, तर तुझ्या सीटखाली शिंपल्यांची पिशवी सोडून जाईन. जानेवारीच्या उन्हाळ्यात कळेल तुला."

ऑगस्टाचा सामना रेल्वेवाल्यांच्या जुन्या हॉलमध्ये असतो. तिथला कप्तान लिंडसे क्वेफ. रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेला, गोड बोलणारा, आणि गोड बोलतानाच मान कापणारा माणूस. यंदा त्यानं स्वतःला मुद्दाम नुन्झियासमोर घेतलं होतं, पांढऱ्या बाजूनं. तिच्या सगळ्या वेड्या बचावांवर त्यानं घासून तयारी केलीय, हे दोन्ही गावांत माहीत होतं. विशेषतः मध्यावर उडी मारणारा घोडा. डेस पहिल्या पटावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मी नुन्झियाच्या शेजारच्या पटावर.

पट क्वेफनंच मांडले होते. नुन्झिया बसली तेव्हा मी बघितलं, तिचा तो पुढचा घोडा, उंटाचा डोळा असलेला, पूर्ण उलटा वळवून ठेवला होता. तोंड तिच्याकडं, शेपूट क्वेफकडं. बाकी सगळे घोडे नीट होते. तो एकच.

क्वेफनं सँडविचची थाळी पुढं केली. फ्रिट्झ सॉसेज आणि टोमॅटो सॉस. "घे, नुन्झिया. माणसानं उपाशीपोटी हरू नये."

"फुकटचं आहे म्हणून घेते," ती म्हणाली आणि तिनं मोठा घास घेतला. त्याच क्षणी क्वेफनं घड्याळाचं बटण दाबलं.

तिची नजर कडेच्या प्याद्यावर होती. मला दिसत होतं. तिचा उजवा हात टेबलावर मूठ करून पडलेला, आणि ती त्या एवढ्याशा लाकडाकडं अशी बघत होती की जणू ते कुणी जेवणात सोडलेलं झुरळ आहे. मग तिची नजर हलली आणि तिला ते शेपूट दिसलं. चाळीस वर्षांची सवय. हात पुढं आला, दोन बोटांनी घोड्याचं डोकं धरून अर्धा फेरा दिला. तोंडात घास होता. तोंडातून शब्द निघाला नाही.

"हात लावलास," क्वेफ हळूच म्हणाला.

ती चावायची थांबली.

"काही बोलली नाहीस तू. मी कान देऊन होतो." तो हसला. "आमिष विकता विकता तूच गळाला लागलीस की गं."

तिनं घास गिळला. मला वाटलं आता भांडण होणार, थाळी उडणार. ती वाद घालू शकली असती. पण जिनं थरथरत्या अंगठ्याला माफी दिली नाही ती स्वतःसाठी काय मागणार? तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. तोंड बंद ठेव, एवढंच त्या बघण्यात होतं.

आता घोडाच हलवायचा होता. त्याला जायला पाच घरं होती, आणि पाचही घरं अशी की शहाणा माणूस तिथं जात नाही. मध्यावर उडी मारली तर क्वेफचा अख्खा अभ्यास तिथं दबा धरून बसलेला. तिनं बराच वेळ घेतला. मग घोडा उचलला आणि जिथून तो पहिल्यांदा निघाला होता तिथंच, घरी, परत नेऊन ठेवला.

क्वेफ पटावर वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "दमला वाटतं?"

"शेपूट बघायची हौस होती ना तुला? घे, झाली ती बंद."

क्वेफनं राजापुढचं उघडं पडलेलं प्यादं आपल्या घोड्यानं मारलं. फुकटात. चौथ्याच खेळीला ती एका प्याद्यानं मागं होती. थोड्या वेळानं डेस आपली खेळी करून फेरी मारायला आला, हात पाठीमागं बांधून. त्यानं नुन्झियाचा पट बघितला. घरी परतलेला घोडा बघितला, मारलं गेलेलं प्यादं बघितलं, आणि कडेचं प्यादं, जागेवरच. त्याचा चेहरा विटेसारखा लाल झाला. सामन्यात बोलायची परवानगी नसते म्हणून तो बोलला नाही. पण जाताना त्याचा बूट तिच्या खुर्चीच्या पायाला लागला, आणि तो चुकून लागला नव्हता.

तो डाव मी कधी विसरणार नाही, कारण तो इतका कुरूप होता. नुन्झियाला बाकीच्या सोंगट्या बाहेर काढायलाच दुपार गेली. क्वेफ दाबत होता आणि ती चावत होती. प्रत्येक अदलाबदलीला ती म्हणायची, "घे, घे, भिकाऱ्या." क्वेफ गोड हसायचा, मग हसणं कमी झालं, मग बंद झालं. बाकीचे सगळे डाव संपले तेव्हा दोन्हीकडं सारखेच गुण झाले होते. सगळे तिच्या पटाभोवती जमले. शेवटी दोघांकडं एकेक हत्ती उरला होता आणि क्वेफकडं ते एक जास्तीचं प्यादं. तेच प्यादं. तो ते पुढं नेत होता आणि तिचा हत्ती मागून त्याला टोचत होता, पुढून तिचा राजा वाट अडवून उभा होता. क्वेफनं सगळं करून बघितलं. शेवटी त्यानंच हात पुढं केला. बरोबरी.

एकूण सामनाही बरोबरीत. कंदील ऑगस्टातच राहिला.

"एक प्यादं," डेस परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "एक प्यादं हातात असतं तर ती जिंकली असती. आणि ते प्यादं तिनं देऊन टाकलं. कशाला? माझ्या तोंडावर थुंकायला."

नुन्झिया माझ्या गाडीत बसून होती. काच वर होती, पण तिला सगळं ऐकू गेलं असणार.

पुढच्या गुरुवारी डेसनं पट मांडले नाहीत. आम्ही सगळे भिंतीला लागून उभे, ती एकटी बसलेली.

"ठराव स्पष्ट होता," डेस म्हणाला. "काही म्हणायचंय?"

तिच्याऐवजी मीच बोललो. शिंपल्यांच्या पिशवीची भीती होती, तरी बोललो. म्हटलं, "डेस, ती प्यादंच सरकवणार होती. गाडीत सांगितलं तिनं मला. क्वेफनं तिचा घोडा मुद्दाम उलटा ठेवला होता. ती सरळ करायला गेली, तोंडात घास होता, म्हणून बोलता आलं नाही. हात लागला. घोडा हलवावाच लागला. मी शेजारी होतो, मी बघितलंय."

खोलीत एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, क्वेफ असाच आहे. कुणी म्हणालं, मग हा ठराव लागूच होत नाही. डेसचाही चेहरा जरा सैलावला. त्याला जे दिसत होतं ते मलाही दिसत होतं. नुन्झिया कापुर्सो चाळीस वर्षांनी त्याचं ऐकणार होती. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पहिल्या दिवशीचं ते हसू असंच सुरू झालं असेल.

"खरं का गं?" त्यानं विचारलं, आणि आवाज जवळजवळ प्रेमळ होता. "खरंच प्यादं सरकवणार होतीस? माझं ऐकून?"

एक 'हो' म्हणायचं होतं. खुर्ची राहिली असती, गुरुवार राहिला असता.

"हा इंजिनिअर खोटं बोलतोय," ती म्हणाली. "मी मुद्दाम हात लावला."

"नुन्झिया..." मी म्हणालो.

"तू गप. चाळीस वर्षं खेळतेय मी. माझा हात चुकून लागतो?" ती उठली. कोट घातला. डेससमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढं केला, हात मिळवायला. सवयीनं त्यानंही दिला. "वास जाणार नाही हं दोन दिवस," ती म्हणाली आणि गेली.

माझ्यावर ती इतकी चिडली होती की मी वाटेत गाडी थांबवून 'बस' म्हटलं तेव्हा तिनं मला इटालियनमध्ये जे सांगितलं त्याचा अर्थ मी कुणाला विचारलेला नाही.

मला वाटलं, संपलं. पुढच्या गुरुवारी बोलिंग क्लबाच्या दारातून आत गेलो तर बारच्या कडेला, मागच्या खोलीच्या दाराला चिकटून असलेल्या टेबलावर ती बसली होती. बार सगळ्यांसाठी खुला असतो, तिथं डेसचं काही चालत नाही. तिच्यापुढं तिचा स्वतःचा पट होता, स्पॅनिश मांडलेला. काळ्याची खेळी तिनं करूनही टाकली होती: घोडा थेट मध्यावर, पहिल्या दिवसासारखा. समोरची पांढऱ्याची खुर्ची रिकामी. शेजारी घड्याळ, आणि पांढऱ्याची वेळ टिकटिक करत संपत होती.

"कुणी बसायचं नाही," डेसनं आम्हाला बजावलं. कुणी बसलं नाही. बारवाली कोलीन म्हणाली, "अगं, समोर कुणी नाही, मग घड्याळ कशाला?" नुन्झिया म्हणाली, "वेळ संपून हरतायत ना सगळे. मोजतेय."

खोलीत जायचं तर तिच्या टेबलावरून जावं लागायचं, बीअर आणायची तरी तिथूनच, मुतायला जायचं तरी तिथूनच. आम्ही नजर चुकवून जायचो. ती प्रत्येकाला काहीतरी ऐकवायची. मला म्हणायची, "आला साक्षीदार." मग एका गुरुवारी माझं लक्ष गेलं. पांढऱ्याचा जो घोडा सुरुवातीलाच पुढं आलेला असतो, तो तिनं उलटा वळवून ठेवला होता. तोंड स्वतःच्याच राजाकडं, शेपूट पटाकडं. बाकी सगळ्या सोंगट्या घराच्या बरोबर मध्यावर. डेससुद्धा यापेक्षा नीट मांडू शकला नसता.

या वेळी तोंड बंद ठेवायचं मला कळलं होतं.

डेस बारवरून आला. एका हातात भरलेला ग्लास, कोलीनशी फुटबॉलबद्दल काहीतरी बोलत, मान मागं वळवून. टेबलापाशी आला तेव्हा त्याची मान पुढं झाली, नजर खाली गेली, आणि मोकळ्या हाताचं बोट पुढं आलं. घोड्याचं नाक डावीकडं. अगदी हळुवार, लेकराचं नाक पुसावं तसं.

"हात लावलास," नुन्झिया म्हणाली.

डेस थांबला. "मी खेळत नाहीये."

"पट मांडलाय. घड्याळ चालू आहे. सोंगटीला बोट तुझं. आणि तोंडानं तू फुटबॉल बोलत होतास, 'सारखं करतोय' नाही."

"हा काय फालतूपणा..."

"ए कोलीन, ऐकलंस ना तू?"

"फुटबॉलच बोलत होता," कोलीन म्हणाली.

खोलीच्या दारात आम्ही सगळे येऊन उभे राहिलो होतो. डेसनं आमच्याकडं बघितलं. चाळीस वर्षं हाच माणूस प्रत्येक नव्या पोराला सांगत आला होता की हात लावलेली सोंगटी न हलवणारा माणूस पत्ते खेळायच्या लायकीचा. आमच्यातल्या कुणीही डोळे खाली केले नाहीत. त्यानं ग्लास टेबलावर ठेवला. बीअर थोडी सांडली.

"एकच खेळी," तो म्हणाला. "नियम आहे म्हणून."

त्यानं तो घोडा उचलला आणि तिच्या मध्यावरच्या घोड्याला मारलं. पुस्तकात तेच सांगितलंय. तिनं लगेच प्याद्यानं त्याचा घोडा मारला आणि घड्याळ दाबलं. पांढऱ्याची वेळ पुन्हा चालू झाली. डेस उभाच होता. त्याची नजर पटावरून हलेना. तिचं ते मारणारं प्यादं आता त्याच्या मुलखात एकटंच अडकून पडलं होतं, दुबळं, घेता येईल असं.

"दिसतंय ना?" नुन्झिया म्हणाली. "बस. उभ्यानं हरलास तर म्हणशील, पाय दुखत होते."